सुटून आलेल्यांचा गट

युद्ध पाहून आलेल्या बायकांसाठी एक उपचारगट सुरू होतोय, येशील का, असं माझ्या एका सीनियरनं विचारलं तेव्हा मी तिला सरळ सांगितलं की हे माझ्यासाठी नाही. २०२२ साली मी युक्रेनमधल्या सुमी शहरात मेडिकलला होते, हे खरं. पण मी परत आले होते. हातपाय धड, पासपोर्ट जवळ, दिल्लीच्या विमानतळावर हातात गुलाबाचं फूलसुद्धा मिळालेलं. युद्ध झालं ते तिथल्या लोकांचं, आम्ही आपले मध्ये सापडलो आणि बाहेर काढले गेलो. ‘ऑपरेशन गंगा’तून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले. त्या सगळ्यांनी मानसोपचार घ्यायचे का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

ती म्हणाली, “सगळ्यांचं राहू दे. तू अजून बादल्या भरतेस का?”

तिला माहीत होतं, कारण तीही सुमीचीच. ३ मार्चच्या संध्याकाळी शहरातल्या औष्णिक वीजकेंद्रावर स्फोट झाले आणि वीज, खोल्या गरम ठेवणारी यंत्रणा आणि नळाचं पाणी, तिन्ही एकदम गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्टेलसमोरचा बर्फ बादल्यांत भरून आणला आणि वितळवून, गाळून प्यायलो. घरी आल्यावर मी पाणी भरायला लागले. बादल्या, पातेली, रिकाम्या बाटल्या, प्रेशर कुकर. आता आपल्याकडे पाणी भरून ठेवणाऱ्या मुलीला कुणी आजारी म्हणत नाही, गुणी म्हणतात. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची. रात्री तीन वाजता उठून मी सगळी भांडी पुन्हा हात घालून तपासते, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

यातली गंमत अशी की पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, यावरची टीप मला तोंडपाठ होती. मन हादरवणाऱ्या घटनेनंतर महिन्याहून जास्त काळ टिकणारी लक्षणं, त्यांचे चार गट: आठवणी नको असताना घुसणं, आठवण करून देणारं सगळं टाळणं, स्वतःबद्दल नि जगाबद्दल वाईट समजुती पक्क्या होणं, शरीर सतत सावध राहणं. मी हे परीक्षेत लिहू शकले असते. बादली यातल्या कुठल्या गटात बसते, हा विचार मात्र डोक्यात आला नव्हता.

आणि एक अढीही होती. परत आल्या-आल्या एका ठिकाणी मला समुपदेशनासाठी नेलं होतं. तिथल्या बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून सांग, काही मागे ठेवू नकोस, मोकळी होशील. मी सांगितलं. एका बसणीत, तास-दीड तास. मोकळी वगैरे काही झाले नाही. त्यानंतरचे दिवस आधीपेक्षा वाईट गेले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही. नंतर कळलं की घटनेनंतर लगेच माणसाला एकाच बैठकीत सगळं ओकायला लावणं, ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, ते करू नका असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्येच आहे. तेव्हा गटात बसून अनोळखी बायकांसमोर पुन्हा तेच करायचं, या कल्पनेनंच माझ्या पोटात गोळा आला होता.

गट चालवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बाईंना आम्ही पुढे ताई म्हणायला लागलो, तेव्हा इथेही ताईच म्हणते. (लिहिण्याआधी गटातल्या सगळ्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. शहरांची नावं तशीच ठेव, असं त्यांनीच सांगितलं.) गटाच्या आधी ताई प्रत्येकीशी एकटीशी बोलल्या. वीस प्रश्नांची एक यादी असते, पीसीएल-५ नावाची. गेल्या महिन्याभरात अमुक त्रास किती झाला, त्याला शून्य ते चार गुण. एकूण ऐंशी. साधारण एकतीस ते तेहतीसच्या पुढे बेरीज गेली तर नीट तपासणी करायला हवी असं समजतात. नुसत्या बेरजेवरून निदान होत नाही. माझी बेरीज ती रेघ आरामात ओलांडून गेली. मी ताईंना म्हटलं, मी जरा वाढवूनच लिहिलंय बहुतेक. त्या म्हणाल्या, “बरं. मग कमी करून लिहा.” मी पेन घेतलं आणि एकही आकडा कमी करता आला नाही.

मग बाकीचे प्रश्न. जीव नकोसा वाटतो का? घरात कुणी मारहाण करतं का? झोपेसाठी काही घेता का? तासभर दार लावून बसता येईल अशी जागा आहे का? गट सगळ्यांसाठी नसतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जिला आत्ता जिवाचा धोका आहे तिला आधी एकटीला, लगेच मदत लागते.

आणि एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे मी हो म्हटलं. तुमच्यासोबत काय घडलं ते गटात सविस्तर सांगायचं नाही. सांगायचं ते हे, की जे घडलं त्याचा तुम्ही काय अर्थ लावून बसला आहात.

गट व्हिडिओ कॉलवर भरायचा, दर शनिवारी दुपारी. आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या दिवशी ओळख करून देताना एकीनं नावाऐवजी “मी खारकीव” म्हटलं, आणि तेच रूढ झालं. मी सुमी. एक कीव्ह, नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे राहिलेली, मांडीवर लहान मूल. एक खार्तूम. १५ एप्रिल २०२३ला सुदानमध्ये दोन सैन्यं एकमेकांवर तुटून पडली तेव्हा ती दोन मुलांना घेऊन घरात अडकली, मग बसनं वाळवंट पार करून पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजानं जेद्दा. आणखी एक-दोघी होत्या. आणि एका चौकोनात, कॅमेरा कपाळाकडे वळलेला, अशा साठीतल्या एक बाई. त्या म्हणाल्या, “मी कुवेत. एकोणीसशे नव्वद.”

२ ऑगस्ट १९९०ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा आमच्यापैकी बहुतेकींचा जन्मही झालेला नव्हता. तिथून सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय परत आले, बहुतेक बगदाद, मग जॉर्डनची सीमा, मग अम्मानहून विमानानं. हे सगळं आम्हाला या काकूंमुळे कळलं. इतकी वर्षं झाली, आता का आलात, असं खारकीवनं जरा आगाऊपणानं विचारलं. काकू म्हणाल्या, “अगं, तेव्हा कुणी बोलावलंच नाही.”

नियम साधे होते. कानात हेडफोन. रेकॉर्डिंग नाही. दुसरीची गोष्ट नवऱ्यालाही सांगायची नाही. कुणी न सांगता स्क्रीनवरून गेली तर ताईंची सहकारी दोन मिनिटांत तिला फोन करणार, आणि तिनं उचलला नाही तर आधीच लिहून दिलेल्या जवळच्या माणसाला. दार लावून बसण्याची जागा ही कागदावर सोपी वाटणारी अट सगळ्यांत अवघड निघाली. खार्तूम सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत काचा वर करून बसायची. कीव्ह गच्चीच्या जिन्यात. बाईला तासभर कुणी हाक मारणार नाही अशी जागा घरात नसते, हे युद्धाच्या आधीही तसंच होतं म्हणा.

पहिले काही शनिवार मला कॉलेजच्या लेक्चरसारखे वाटले. ताईंनी जे समजावलं ते थोडक्यात असं. भयंकर काही घडलं की मन त्याचं कारण शोधत बसतं. सरळ कारण मिळत नाही, तेव्हा ते स्वतःला दोष देतं, कारण “माझी चूक होती” हे “कुणाच्याच हातात काही नव्हतं” यापेक्षा सोसायला सोपं असतं. चूक असेल तर पुढच्या वेळी टाळता तरी येईल. असा विचार मग तिथेच अडकून बसतो आणि त्याच्याभोवती सगळं आयुष्य वळण घेतं. तो विचार शोधायचा, कागदावर मांडायचा आणि पुराव्यानिशी तपासायचा. ही पद्धत पॅट्रिशिया रेसिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी बलात्कार झालेल्या स्त्रियांबरोबर काम करताना घडवली. १९९२ साली त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो गटातल्या बारा साप्ताहिक बैठकांचाच होता.

गृहपाठ असायचा. तीन रकाने: काय झालं, मी मनात काय म्हणाले, काय वाटलं. माझं पहिलं पान असं: आमची लेक्चरं तेव्हा ऑनलाइन चालायची, सुमीहून. मध्येच तिकडे सायरन वाजायचा, तो लॅपटॉपमधून माझ्या खोलीत यायचा. सर म्हणायचे, दहा मिनिटं थांबूया, आणि तळघरात जाऊन फोनवरून पुढे शिकवायचे. पहिला रकाना: सायरन. दुसरा: आता सगळं संपणार. तिसरा: छातीत धडधड, हात गार. ताईंनी विचारलं, “संपणार म्हणजे कुणाचं? सायरन कुठे वाजतोय?” मी म्हटलं, तिकडे. “आणि तुम्ही?” हे इतकं उघड होतं की मला राग आला. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं: ‘सर तळघरात गेले. मी माझ्या खोलीत आहे.’ धडधड झालीच, फक्त लवकर बसली.

काकूंना हे रकाने जमेनात. फोनवर टाइप करता येत नाही, वहीत लिहिलेलं दाखवायची लाज वाटते. एकदा म्हणाल्या, हे शिकलेल्या पोरींचं काम आहे, मी येत नाही आता. तेव्हा ताईंनी काँगोची गोष्ट सांगितली. पूर्व काँगोत लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांवर याच पद्धतीचा अभ्यास झाला आणि २०१३ साली छापून आला. सात गावांतल्या १५७ बायकांना गटात हा उपचार, आठ गावांतल्या २४८ बायकांना एकेकटीला आधार आणि मदत. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून कागद बाजूला ठेवून सगळं तोंडी, पाठ करून घेतलं. गट चालवणाऱ्या बायकाही तिथल्याच, मोठ्या पदव्या नसलेल्या. सहा महिन्यांनी पाहिलं तर गटातल्या ९ टक्के बायकांमध्ये नैराश्य किंवा चिंताविकाराची लक्षणं उरली होती, दुसऱ्या बाजूला ४२ टक्क्यांमध्ये. आणि हे सगळं आजूबाजूला हल्ले चालू असताना.

काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “त्या बायकांनी पाठ केलं?” हो. “मग मी आता विष्णुसहस्रनाम पाठ असलेली बाई.” तेव्हापासून काकूंचा गृहपाठ तोंडी. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा नेमका.

मला मात्र काँगोचं ऐकून भलताच त्रास झाला. त्या बायका कुठे आणि आपण कुठे. त्यांच्यावर काय काय गुजरलं, आणि मी कुकरमध्ये पाणी भरते म्हणून इथे बसले आहे. हे मी बोलले नाही, पण पुढच्याच शनिवारी हाच विषय भांडणाच्या रूपानं बाहेर पडला. खार्तूम जहाजाबद्दल काहीतरी सांगत होती, आणि खारकीव एकदम म्हणाली, “तुम्हाला निदान जहाज आलं न्यायला. आम्ही चालत गेलो.” २ मार्चला खारकीवमधल्या भारतीयांना सूचना आली होती की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर चालत. जवळचं ठिकाण पेसोचिन, रेल्वे स्टेशनपासून अकरा किलोमीटर. त्याच्या आदल्याच दिवशी खारकीवमध्ये गोळीबारात एक भारतीय विद्यार्थी गेला होता. खार्तूमनं कॅमेरा बंद केला. फोन गेला, ती परत आली, पण चेहरा दगडासारखा. मला वाटलं, संपला हा गट.

ताईंनी कुणालाही माफी मागायला लावली नाही. त्या म्हणाल्या, आपण प्रत्येकीनं सांगूया की आपल्यापेक्षा जास्त कुणी सोसलं असं वाटतं. मी म्हटलं खारकीव. खारकीव म्हणाली, जे विद्यार्थी परतले नाहीत ते. खार्तूम म्हणाली, तिच्या इमारतीतल्या सुदानी बायका. कीव्ह म्हणाली, बूचा, म्हणजे कीव्हजवळच्या त्या हत्याकांड झालेल्या गावातले लोक. काकू म्हणाल्या, “मला तर तुम्ही सगळ्या.” कुणीतरी हसलं. रांगेतली प्रत्येकजण पुढचीकडे बोट दाखवत होती आणि त्या नावाखाली स्वतःचा नंबर सोडून देत होती. गेले कित्येक महिने मी “मला काही झालं नाही” असं म्हणत होते, ते विनयानं नव्हे; बघायला लागू नये म्हणून. हे मला तेव्हा कळलं, ताईंनी न सांगता.

त्यानंतर बोलणं मोकळं झालं, आणि जे निघालं ते मला कुठल्याच बातमीत भेटलं नव्हतं. हा गट फक्त बायकांचा का, याचं उत्तर तिथे मिळालं. बंकरमध्ये पाळी आलेली, पॅड नाहीत, शेजारी वर्गातली मुलं झोपलेली. पाणी नाही तर धुवायचं कशानं? सीमेवरच्या रांगेत रात्रभर लघवी दाबून धरलेली, कारण उठलं तर जागा जाते आणि अंधारात एकटीनं जायचं कुठे? आमच्यातली एक फारशी बोलायची नाही. तिनं सांगितलं की गर्दीत गाडीत चढताना कुणीतरी तिच्या अंगाशी नको ते केलं होतं. वर म्हणाली, “बॉम्ब पडत होते, त्यात एवढ्याशा गोष्टीचं काय.” पण झोपेत तिला बॉम्ब दिसायचे नाहीत, तो हात दिसायचा. तिनं हे वर्षभर कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण घरच्यांनी विचारलं होतं ते फक्त बॉम्बबद्दल.

ती पुढे गटातून गेली. दुसऱ्यांचं ऐकलं की तिचं स्वतःचं वाढायचं, तिला ते पेलवेना. ताईंनी तिची एकटीच्या उपचारांची सोय केली आणि तिनं स्वतः येऊन आमचा निरोप घेतला. आम्हाला वाईट वाटलं, थोडं अपराधीही. पण गट सगळ्यांना मानवतो असं कुणी सांगत असेल तर त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता काकूंचं सांगते, कारण माझं त्यातच आहे.

काकूंचा अडकलेला विचार असा: ‘मी माणूस म्हणून खोटी आहे.’ त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर श्रीलंकेची एक बाई घरकामाला होती. दुपारी दोघी जिन्यात बसायच्या, एकमेकींची भाषा येत नव्हती तरी. कुवेत सोडायची गाडी ठरली तेव्हा काकूंनी तिला सांगितलं नाही. गुपचूप निघाल्या. जिन्यातून उतरताना चप्पल हातात घेतली होती. एवढंच. त्यानंतर काकूंनी कुणाशी मैत्री केली नाही. भिशी नाही, भजनी मंडळ नाही, शेजारणीशी दारातल्या दारात. “मी कोण ते मला माहितीये ना,” म्हणायच्या. लोकांना वाटायचं बाई शिष्ट आहे.

या टप्प्यावर गटातल्या बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे असतात. उपदेश नाही, समजूत काढायची नाही, फक्त प्रश्न. मी जोरात होते त्या दिवशी. गाडी कुणाची होती? काकूंच्या नवऱ्याच्या ओळखीतल्याची. जागा कुणी ठरवल्या? बायकांना कुणी विचारलं नाही. जागा उरली होती का? पोरं मांडीवर होती. त्या बाईचा पासपोर्ट कुठे होता? काकू थांबल्या. पासपोर्ट मालकाकडे असायचा, म्हणाल्या. मग पासपोर्टशिवाय ती सीमेवर काय करणार होती? उत्तर नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? “तिनं रडून सोबत न्या म्हटलं असतं.” आणि मग? “मग मी नाही म्हटलं असतं.” म्हणजे ती तिथेच राहिली असती, आणि तुम्ही जाताना तिनं पाहिलं असतं. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पण सांगायला हवं होतं.” मी तावातावानं म्हटलं, हो, सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण न सांगणं म्हणजे तिला टाकून येणं नव्हे. तुमच्या हातात तिला नेणं नव्हतंच.

काकूंनी कॅमेरा पहिल्यांदा नीट केला. पूर्ण चेहरा दिसला. म्हणाल्या, “आणि तुझ्या त्या म्हातारीचं?”

आमच्या हॉस्टेलच्या दारावर एक बाबुश्का बसायची. सगळ्याच वयस्क बायकांना आम्ही बाबुश्का म्हणायचो. पाणी गेलं तेव्हा बर्फ कुठला उचलायचा, पायाखालचा नको, झुडपावरचा घ्या, हे तिनं दाखवलं. मेणबत्त्या तिनं वाटल्या. ७ मार्चला आम्हाला बसमध्ये बसवलं आणि पुन्हा उतरवलं, तेव्हा तिनं काही न बोलता दार उघडून परत आत घेतलं. त्या रात्री शहरात हवाई हल्ला झाला, वीसहून जास्त माणसं गेली. ८ मार्चला बस खरंच निघाल्या. आम्ही सुमारे सातशे विद्यार्थी पोल्तावाकडे गेलो. ती दारात उभी होती. मी मान खाली घालून तिच्या बाजूनं निघाले. ‘मी तिला टाकून आले’, हा माझा विचार. मी तो पहिल्या आठवड्यात यादीत लिहून ठेवला होता आणि नंतर त्याबद्दल बोलायचं टाळलं होतं. काकूंच्या लक्षात राहिलं होतं.

“तू म्हणाली असतीस चल, तर ती आली असती?” काकूंनी विचारलं. तिची मुलगी त्याच शहरात होती. तिचं घर, अंगण, बटाटे. ती मला वेडी म्हणाली असती. “बस तुमच्यासाठी होती की तिच्यासाठी?” आमच्यासाठी. “मग टाकून आलीस म्हणजे काय केलंस गं नक्की?”

पाच मिनिटांपूर्वी मी जे ठासून सांगितलं होतं, तेच माझ्यासमोर ठेवलेलं. माझ्याकडे पर्याय दोनच होते. काकूंसाठी केलेला युक्तिवाद मागे घ्यायचा, नाही तर तो स्वतःलाही लावायचा. एकटीच्या उपचारांत ताईंनी हेच प्रश्न विचारले असते तर मी वाद घातला असता, कारण त्या तिथे नव्हत्या, त्यांना काय माहीत? काकूंना असं म्हणायची सोय नव्हती. मी खूप रडले, दार बंद असूनही आईनं बाहेरून विचारलं, काय झालं. ताई शेवटी एवढंच म्हणाल्या की निरोप घ्यायचा राहिला याचं दुःख आहे, ते राहील, ते गुन्ह्यात धरू नका.

त्यानंतरचे विषय भराभर गेले: सुरक्षितता, विश्वास, ताबा, स्वतःची किंमत, जवळीक. ही पद्धत या पाच गोष्टींवरच्या समजुती एकेक करून उलगडते. ताब्यावर माझ्या बादल्या निघाल्या. ताईंनी भरू नको म्हटलं नाही. एक भांडं रिकामं ठेवून झोपायचं, असा प्रयोग दिला. पहिल्या रात्री झोप आली नाही. मग आली. खार्तूमचं जवळिकीवर बरंच अडलं. मुलांना शाळेत सोडून गेटबाहेर उभं राहणं तिनं थांबवलं, पण नवऱ्याशी अंतर आहे ते आहे. कीव्ह अजून तळमजल्यावरचंच घर शोधते आहे.

शेवटच्या शनिवारी सुरुवातीला लिहिलेलं पान पुन्हा वाचायचं असतं: हे सगळं का घडलं असं वाटतं आणि त्यानं तुम्ही कशा बदललात. आधी जुनं, मग नव्यानं लिहिलेलं. माझ्या जुन्या पानावर ‘मला काही झालं नाही’ हे वाक्य तीनदा होतं. नव्या पानात युद्धाबद्दल मी लिहिलं की ते रशियानं सुरू केलं. हे लिहायला एवढे शनिवार का लागले, असं कुणालाही वाटेल. आधीच्या पानावर कारणांमध्ये मी स्वतःचंच नाव लिहिलं होतं: तिकडे शिकायचा हट्ट, वेळेत तिकीट न काढणं, आईचं न ऐकणं.

वीस प्रश्नांची यादी पुन्हा भरली. माझी बेरीज आता रेघेच्या खाली आहे. काकूंचीही. खारकीवची थोडी वर, खार्तूमची बरीच वर. ती एकटीचे उपचार पुढे चालू ठेवते आहे. खारकीव आणि खार्तूम आता एकमेकींना रोज फोन करतात, कशावरून तरी भांडतात. हेलिकॉप्टर कमी उंचीवरून गेलं की मी अजून खिडकीपासून लांब होते. बाबुश्काचा पत्ता वर्गाच्या जुन्या टेलिग्राम ग्रुपवर विचारला. ती पोल्तावाला बहिणीकडे गेली, असं एक मुलगा म्हणतो. दुसरी म्हणते सुमीतच आहे आणि नव्या मुलांवर ओरडते. दोन्ही ऐकीव.

ताई नवा गट सुरू करताहेत. जुनी सदस्य म्हणून पहिल्या बैठकीत थोडं बोलाल का, असं त्यांनी काकूंना विचारलं. काकू हो म्हणाल्या, पण शनिवार दुपार नको, म्हणाल्या. चार वाजता त्यांचं भजनी मंडळ असतं आणि त्या नव्याच असल्यामुळे उशिरा गेलेलं चालत नाही.